वाडीला सोडलेला चहा

सूनबाईनं टेबलावर पाच पांढरे कप ओळीनं मांडले, प्रत्येक कपापुढं बशीत चॉकलेटचा एकेक गोळा ठेवला आणि मला म्हणाली, मामा, आधी घोट घ्या, मग गोळा खा, आणि काय वेगळं लागतंय ते सांगा. कपांत बिनदुधाचा चहा होता, पाची ठिकाणी वेगळ्या पानांचा, आणि ज्या त्या गोळ्यात त्याच पानांचा अर्क उतरवलेला. या गोळ्यांना ती ट्रफल म्हणते. मी पाची घोट घेतले, पाची गोळे खाल्ले आणि प्रामाणिकपणे सांगितलं की सगळे चांगले आहेत. तिनं कपाळाला हात लावला. उभा जन्म तंबाखू चघळलेल्या जिभेकडून तिनं काही अपेक्षा ठेवायलाच नको होती. पण घरात जी दुसरी जीभ होती, ती तिला वापरता येत नव्हती.

ती जीभ माझ्या बायकोची. दुकानदारानं चहाची पावडर जरा बदलली तरी हिला पहिल्या घोटाला कळायचं. दूध कालचं की आजचं, आलं किसलं की ठेचलं, सगळं कळायचं. सकाळी उठल्यावर हिचा पहिला कप होईपर्यंत घरात कुणी हिच्याशी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता, आणि तो मोडल्याचे परिणाम मी भोगलेले आहेत. अशा बाईनं चहा सोडला. नृसिंहवाडीला, दत्ताच्या पादुकांपुढं.

देवापुढं आवडीची वस्तू सोडायची आमच्याकडं रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू सोडतं. वांगं सोडणारी माणसं मला कायम हुशार वाटत आली. आमची ही तशी हुशार नव्हे. एकुलता एक मुलगा दवाखान्यात पडून होता. लिव्हरचं दुखणं, आणि कळलं तेव्हा फार पुढं गेलेलं. सूनबाई त्याच्या उशाशी, मी औषधांच्या पिशव्या घेऊन जिन्यावर वरखाली. अशात ही एका सकाळी कुणाला न सांगता एसटीत बसली आणि वाडी करून आली. येताना कवठाची बर्फी आणली होती. मी कॅन्टीनमधून चहा आणला तर हिनं हात मागं घेतला.

काय बोलून आलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ह्यो बरा हून घरात येऊंदे, माझ्यासंगं बसून चहा पिऊंदे, मग मी घेईन. तवर न्हाय."

तो आला नाही. ऐन उन्हाळ्यात गेला.

सुतकात आमच्याकडं चूल पेटत नाही. शेजारीपाजारी किटल्या भरून चहा आणतात. खालच्या मजल्यावरच्या भाभी रोज सकाळ-संध्याकाळ थर्मास घेऊन यायच्या, आपल्या हातानं कप भरून हिच्या हातात द्यायच्या. ही कप धरून बसायची आणि गार झाला की खाली ठेवायची. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, बिचारीच्या घशाखाली उतरत नाही. मला माहीत होतं, उतरला असता. ती उतरू देत नव्हती.

मला वाटलं होतं, दिवसकार्य झालं की हे आपोआप सुटेल. माझा जन्म उद्यमनगरात गेला, पंपाचे भाग बनवण्यात. ज्या भागाचं काम संपलं तो काढून ठेवायचा, एवढं शहाणपण माझ्याकडं आहे. ज्याच्यासाठी सोडलं तो गेला, मग सोडलेलं धरून ठेवण्यात काय अर्थ? वर्ष होत आलं तरी ही धरूनच. शेवटी मी तिला घेऊन वाडीला गेलो आणि तिथल्या एका पुजाऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. भला माणूस होता. म्हणाला, माउलींना सांगा, यात दोष नाही, एक अभिषेक करा आणि मोकळ्या व्हा. मी मोठ्या उत्साहानं वळलो तर ही मागं उभी. सगळं ऐकलेलं. तशीच घाट उतरून गेली आणि नदीकडं तोंड करून बसली.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला मोकळं करा म्हणून मी सांगितलंतं व्हय तुम्हाला?"

त्यानंतर तो विषय मी काढला नाही. घरात चहा मागणंही बंद केलं. ती करून द्यायला तयार असायची, आलं ठेचून अगदी मनापासून करायची, पण मी पीत असताना शेजारी उभी राहून वास घ्यायची. ते मला बघवायचं नाही. मग मी राजारामपुरीच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जायला लागलो. तिथं अर्धा कप घ्यायचा, बडीशेप चघळायची आणि घरी यायचं. लोक या वयात दारू चोरून पितात, मी चहा चोरून प्यालो. तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. बडीशेप संपत आली की ती न सांगता आणून ठेवायची.

आता मुलाच्या चहाबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या पंपांच्या निमित्तानं त्याचं निलगिरीच्या मळ्यांत जाणं-येणं होतं, आणि तिथून तो पावडर नव्हे, पानांचा चहा घेऊन यायचा. लांब, पिळलेली, सुकी पानं. काचेच्या भांड्यात गरम पाणी घ्यायचं, त्यात पानं टाकायची, झाकण ठेवायचं आणि घड्याळाकडं बघत बसायचं. दूध नाही, साखर नाही. त्याची आई त्या पानांना पाला म्हणायची. "पाला शिजला काय रं तुझा?" असं विचारत ती आपलं पातेलं गॅसवर चढवायची. तो म्हणायचा, आई, तुझा चहा म्हणजे पातळ बासुंदी. ती म्हणायची, आणि तुझा म्हणजे आजाऱ्याची पेज. हे भांडण रोज व्हायचं आणि दोघांना ते हवं असायचं. मला तो बळंच त्याचा चहा पाजायचा. गिळू नका बाबा, म्हणायचा, शेवटी घशात काय राहतंय ते बघा. मी म्हणायचो, तहान राहते. तो हसायचा. त्याचं हसणं मोठं होतं, जिन्यापर्यंत ऐकू जायचं. आता घर इतकं शांत आहे की मला राग येतो.

सूनबाईचं माहेर कबनूरचं. भावांचे कापडाचे माग आहेत. ते न्यायला आले होते. ती नाही म्हणाली. का, ते मी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती गेली असती तर आम्ही दोघं कसे राहिलो असतो याचा विचार आजही करवत नाही. राजारामपुरीत शिकवण्यांना तोटा नाही. तिनं चॉकलेटचा एक क्लास लावला. दिवाळीला खोके भरून विकले, राखीला विकले. मग तिच्या डोक्यात आलं की त्याचा चहा चॉकलेटात घालायचा. डेअरीची क्रीम तापवायची, गॅस बंद करून त्यात पानं टाकायची, झाकून ठेवायची, गाळायची, आणि ती गरम क्रीम चिरलेल्या काळ्या चॉकलेटवर ओतायची. घोटून, गार करून, त्याचे गोळे वळायचे आणि कोकोच्या पुडीत घोळवायचे. तिला बारीक गाळणी मिळत नव्हती, ती मी वर्कशॉपमधून स्टीलची जाळी बसवून करून दिली. माझा त्या धंद्यात तेवढाच वाटा.

खरा वाटा हिचा. सुरुवातीला ही लांबून बघायची. एकदा पानं क्रीममध्ये मुरत होती आणि सूनबाई फोनवर बोलत बाहेर गेली, तर हिनं स्वयंपाकघरातून हाक मारली की काढ, कडू झालं. सूनबाई धावत आली, चाखून बघितलं तर खरंच कडू. न चाखता कसं कळलं, असं तिनं विचारलं. यात विचारण्यासारखं काय, असा हिचा चेहरा. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. पुरणाचं वाटण असो नाहीतर कटाची आमटी, देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, वासावरून मीठ ओळखायचं. हिचा सगळा संसार तसा गेलेला. हिची जीभ बांधली गेली तरी नाक मोकळं होतं.

तेव्हापासून ही नाकानं चव घेऊ लागली. सूनबाई भांडं पुढं धरायची, ही डोळे मिटून वास घ्यायची. आसामच्या पानांना म्हणाली, गुऱ्हाळात काकवी उतरत्यावेळी येतो तसला वास. दार्जिलिंगच्या पानांना म्हणाली, कुणीतरी मनुका भिजत घातल्यात. धुरावर वाळवलेल्या एका चहाला म्हणाली, दूध उतू गेलंय, आधी गॅस पुस. सूनबाई ते सगळं ऐकून पानं कमी-जास्त करायची. त्यानंतर तिच्या ट्रफलमधलं माझ्यासारख्या मेल्या जिभेलाही काहीतरी कळायला लागलं. गिऱ्हाईकं वाढली.

गोळे वळायचं कामही हिच्याकडंच आलं. सूनबाईचे तळहात गरम, तिच्या हातात गोळा वळायच्या आत चिकट व्हायचा. हिचे हात बारमाही गार. लग्नात हात हातात घेतला तेव्हा दचकलो होतो, ते मला आठवतं. ही टेबलाशी बसून भराभर गोळे वळायची, एकही विरघळायचा नाही. ही त्यांना लाडू म्हणायची. काम झालं की बोट न चाटता हात धुऊन यायची.

एकदा मी न राहवून म्हटलं की अगं, चॉकलेटात गेलेला चहा काही चहा राहत नाही, एक लाडू खायला काय हरकत आहे? तिनं विचारलं, मग दुधात गेलेला राहतो काय? बायकोशी वाद घालून जिंकल्याचं मला आठवत नाही, आणि त्या दिवशी तर मला जिंकायचंच नव्हतं.

गॅसच्या वरच्या फळीवर एक हिरवा डबा होता. मुलानं शेवटच्या फेरीत निलगिरीहून आणलेला चहा त्यात होता, अर्ध्याहून कमी. त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण लावत नव्हतो. म्हणजे मी लावत नव्हतो. ही दुपारी सगळं सामसूम झालं की डबा काढायची, झाकण उघडून वास घ्यायची आणि परत ठेवायची. सूनबाई सकाळी अंघोळीआधी तेच करायची. दोघींना वाटायचं की दुसरीला माहीत नाही. मी खुर्चीत पेपर धरून बसलेला असतो, तेव्हा घरातल्या बायका मला खुर्चीचाच भाग धरतात, म्हणून मला दोन्ही दिसायचं. डबा उघडून उघडून त्याचं झाकण सैल झालं. मग मी एक दिवस डबा वर्कशॉपला नेला आणि झाकणाला आतून रबराचं पॅकिंग कापून बसवलं, पंपाला बसवतो तसं. पाणी अडवणारं पॅकिंग वासही अडवेल असं मला वाटलं होतं.

तिसरं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा सूनबाईनं तो डबा टेबलावर आणून ठेवला. आम्ही दोघं बघत राहिलो. ती हिला म्हणाली, "आत्ती, वास चाललाय. अजून एक उन्हाळा न्हाय निघायचा. सगळा उडून जायच्या आत मी ह्याचे गोळे करू का? त्यांच्या ताटाला ठेवू."

हिनं डबा ओढून घेतला, झाकण काढलं, खूप वेळ नाक लावून बसली. मग म्हणाली, कर.

श्राद्धाच्या दिवशी पहाटे दोघी उठल्या. क्रीम तापली, पानं सगळी घातली, डबा उपडा करून खालचा चुराही घातला. झाकण ठेवलं. सूनबाईनं भांडं पुढं धरलं तेव्हा ही नेहमीसारखं काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. गुऱ्हाळ नाही, मनुका नाही. "हाय अजून," एवढंच म्हणाली. मग तिनं गोळे वळले. फार झाले नाहीत, एक बशीभर.

भटजी येऊन गेले, ताट वाढलं, फोटोपुढं ठेवलं. भात, वडे, खीर, आणि कडेला वाटीत ते काळे गोळे. त्याच्या फोटोकडं मी सहसा बघत नाही. त्या दिवशी बघितलं. मी त्याच्यापेक्षा म्हातारा दिसणारच, पण आता तो मला दर वर्षी अजून लहान दिसतो, आणि त्याचा मला फार त्रास होतो.

दुपारी ताट उचललं. त्याला दाखवलेलं अन्न टाकायचं नाही, घरच्यांनी खायचं. सूनबाईनं वाटी घेतली, आधी मला एक गोळा दिला. मी तो गिळला नाही. तोंडात धरला, जिभेवर पसरू दिला. आधी कडू, मग लिंबाची साल खरवडल्यासारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी घशाशी त्याच्या काचेच्या भांड्यातल्या चहाची ती तुरट चव. खरी होती की मला भास झाला, सांगता येत नाही. एवढी वर्षं तो बघा म्हणायचा ते मी त्या दिवशी बघितलं, आणि सांगायला तो नव्हता.

मग सूनबाईनं वाटी हिच्यापुढं धरली. मला वाटलं ही मान हलवेल. तिनं एक गोळा उचलला आणि तळहातावर घेतला. खाल्ला नाही. खाली ठेवला नाही. तशीच उभी राहिली. पंखा फिरत होता, बाहेर रिक्षावाला कुणालातरी हाका मारत होता. मी बस म्हटलं तरी बसली नाही. थोड्या वेळानं मला दिसलं की गोळा सपाट व्हायला लागलाय. ज्या हातात एक लाडू कधी विरघळला नव्हता त्या हातात तो विरघळला, आणि रेषांमधून मनगटाकडं यायला लागला.

मी म्हटलं, अगं, एक तर खा, नाहीतर दे इकडं.

ती माझ्याकडं न बघता बोलली. "हे खाल्लं की झालं. तो व्हता तवा त्याचं सगळं मी केलं. गेल्यावर ही एकच गोष्ट करायची राहिलीती माझ्याकडं. ही बी संपली, तर मी त्याच्यासाठी काय करायचं सांगा की."

इतकी वर्षं मी समजत होतो की ती नवसात अडकलीय आणि तिला सोडवायला पाहिजे. ती अडकली नव्हती. रोज सकाळी पोराचं काहीतरी करत होती, डबा भरून द्यावा तसं.

सूनबाई पुढं आली. रिकामा हिरवा डबा तिच्या हातात होता. तिनं तो हिच्यासमोर धरला आणि आतला तळ दाखवला. "माझं पण संपलं, आत्ती," ती म्हणाली. आणि मग ती रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, सुतकात रडली नव्हती. भाऊ न्यायला आले तेव्हाही डोळे कोरडे होते.

हिनं तिच्याकडं बघितलं. मला वाटतं त्या क्षणी हिला कळलं की सकाळी अंघोळीआधी कोण डबा उघडत होतं. हिनं तळहातावरचं ते विरघळलेलं चॉकलेट बोटानं गोळा केलं आणि आधी सूनबाईच्या तोंडात घातलं, लहान पोराला भरवतात तसं. उरलं ते स्वतःच्या तोंडात घातलं. मग हात धुतला नाही. संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, काळा, रेषांमध्ये सुकलेला, आणि मी पण धू म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर जायला मी चप्पल घालत होतो. स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज आला. कुठं चाललाय, असं हिनं आतून विचारलं. मी चप्पल काढून आत आलो. पातेल्यात तिघांचा चहा होता. तिनं तीन कप भरले, टेबलाशी बसली. वर साय धरेपर्यंत ती कपाकडं बघत राहिली. सूनबाई आणि मी आपले कप हातात धरून बसलो होतो, कुणी घोट घेत नव्हतं.

मग तिनं कप उचलला, साय बोटानं बाजूला केली आणि एक घोट घेतला. गिळला नाही लगेच. तोंडात धरला. तो सांगायचा तसा.

"व्हता तसाच हाय की," ती म्हणाली. तो गेल्यावर चहा तरी बदलला असेल, असं तिला वाटलं असावं. तिनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.